आधी सही, मग पैसे, मग किल्ली: कोरोना निर्बंधांच्या काळात घर घेताना-विकताना या चुका टाळा

घरांच्या खरेदी-विक्रीची कागदपत्रं करून देणं हा माझा पुण्यातला धंदा. मार्च २०२० पासून जुलै २०२१ पर्यंत जेवढे घोळ निस्तरले, तेवढे आधीच्या दहा वर्षांत निस्तरले नव्हते. घोळ कोरोनाने केले असं लोक म्हणतात. बहुतेक घोळ घाईने केले. सवलतीची तारीख, लॉकडाऊनची तारीख, भाडेकरार संपायची तारीख, यांतली एखादी मागे लागली की माणसं कामांचा क्रम उलटा करतात, आणि मग मला रात्री साडेदहाला फोन येतो.

मुद्रांक शुल्काचं चलन भरलं म्हणजे झालं, असं समजणं

ही २०२१ मधली माझी सर्वात नावडती चूक, म्हणून हिच्यावर जरा जास्त बोलणार आहे.

राज्य सरकारने १ सप्टेंबर २०२० पासून मुद्रांक शुल्कात सवलत दिली. ३१ डिसेंबरपर्यंत तीन टक्के कमी, मग ३१ मार्च २०२१ पर्यंत दोन टक्के कमी. मुंबईत पाचाचे दोन झाले, नंतर तीन. शेवटच्या आठवड्यांत दस्त नोंदणीच्या निबंधक कार्यालयांबाहेर काय गर्दी होती ते सगळ्यांनी पाहिलंय. अंतर ठेवा म्हणून आखलेल्या गोलांत तीन-तीन माणसं उभी होती.

सिंहगड रस्त्यावरचा एक जुना फ्लॅट, किंमत ६२ लाख. घेणारा आयटीतला मुलगा, पहिलंच घर. विकणाऱ्या काकू नागपुरात, आणि मार्चमध्ये तिथे कडक निर्बंध. ३० मार्चला मुलाने ऑनलाइन चलन भरलं, मला स्क्रीनशॉट पाठवला आणि त्याखाली 'झालं' म्हणून अंगठ्याचं चिन्ह. मी विचारलं, "आणि दस्तावर सह्या?" तर म्हणे, "त्या काय सर, काकू आल्या की होतील. चार महिने मुदत आहे ना, आमच्या ग्रुपवर आलंय."

मुदत आहे, पण कशाची? सही झालेला दस्त नोंदणीला हजर करायची. शुल्काचा दर ठरतो तो सही झाली त्या दिवसाचा. चलन मार्चचं आणि सही एप्रिलची, तर दर एप्रिलचा. हे मी त्याला त्याच दिवशी सांगितलं. दस्त आजच कुरियरने नागपूरला पाठव, काकू ३१ ला घरी बसून सही करतील, तू इथे कर, नोंदणी सावकाश मेमध्ये होऊ दे, एवढं सांगितलं. पण बाबांना विचारतो, मित्राला विचारतो, यात दोन दिवस गेले. काकू ८ एप्रिलला आल्या, सह्या झाल्या. निबंधकाच्या खिडकीवर सहीची तारीख बघितली गेली आणि दोन टक्क्यांचा फरक निघाला. एक लाख चोवीस हजार. मुलगा मला म्हणाला, "सर, काहीतरी मागची तारीख टाकता येईल का?" नाही. माझ्याकडे हा प्रश्न विचारायचाच नाही. स्वतःच्या आयुष्यातल्या सर्वात महागड्या कागदाची सुरुवात खोट्या तारखेने करायची बुद्धी लोकांना होते कशी, हे मला कळत नाही.

माझी सवय सांगतो. चलन भरायच्या आधी मी दस्ताचा शेवटचा मसुदा दोन्ही बाजूंना छापून द्यायला लावतो. पीडीएफ फोनवर कोणी वाचत नाही. कागद हातात आला की नावातली चूक, चटई क्षेत्र, पार्किंगचा नंबर, सगळं दिसतं. दोघांनी प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलने बरोबरची खूण केली की मगच चलन, आणि चलनाच्या दिवशीच सही.

बायकोच्या नावाचा जुगाड

३१ मार्च २०२१ हुकलेल्यांनी १ एप्रिलपासून नवा शॉर्टकट शोधला. महिलेच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत. योजना चांगली आहे. पण ती फक्त महिलेच्या किंवा महिलांच्या नावावर, पती सहखरेदीदार असेल तर नाही. आणि तेव्हा, २०२३ मध्ये अट निघेपर्यंत, पंधरा वर्षं ते घर पुरुषाला विकता येत नव्हतं. विकलं तर वाचवलेलं शुल्क आणि वर दंड भरावा लागायचा. पाच वर्षांनी मोठं घर घ्यायचं ज्यांच्या डोक्यात आहे त्यांनी आधी अटी वाचाव्यात, मग घरी लाडाने सांगावं की "तुझ्या नावावर घेतोय."

व्हिडिओ कॉलवर घर पसंत करणं

माझा विरोध नाही, इलाज नव्हता तेव्हा मीही दाखवलीत. पण एजंट हॉलमध्ये गोल फिरतो, खिडकीतलं झाड दाखवतो, आणि तुम्ही "वा" म्हणता. व्हिडिओत ओल दिसत नाही, कुबट वास येत नाही. कॅमेरा तुम्ही सांगाल तिथे न्यायला लावा. संडास-बाथरूमचं छत. बेसिनखालचं कपाट उघडून आतला कोपरा. सगळे नळ एकदम सुरू करून मग फ्लश. वायरिंगचा बोर्ड जवळून. आणि बाल्कनीत उभं राहून एक मिनिट कोणी काही बोलायचं नाही. त्या एका मिनिटात रस्ता, शेजारची शाळा, खालचं गॅरेज, सगळं ऐकू येतं. अर्थात लॉकडाऊनमध्ये शाळाही बंद आणि गॅरेजही बंद, त्यामुळे शेजाऱ्याला विचारा. मी नेहमी खालच्या मजल्यावरच्याला विचारतो. वरच्या घराची गळती त्याला मालकापेक्षा जास्त माहीत असते.

पाडव्याची किल्ली

हा किस्सा मी आता प्रत्येक गिऱ्हाईकाला ऐकवतो.

पिंपरीतला दोन खोल्या-हॉलचा फ्लॅट. विकणारे काका-काकू, दोघं सत्तरीचे, मुलाकडे नाशिकला निघालेले. घेणारं कुटुंब तरुण, एक लहान मुलगी, भाड्याचं घर ३० एप्रिलला सोडायचं. करारनामा नोंदवून झाला होता. बँकेचं कर्ज मंजूर, पण रक्कम सुटायची बाकी. ती सुटली की मूळ कागद बँकेकडे, धनादेश काकांकडे, किल्ली घेणाऱ्यांकडे. सरळ व्यवहार.

१३ एप्रिल २०२१ ला गुढीपाडवा. घेणाऱ्या वहिनींनी काकांना फोन केला, "काका, पाडव्याचा मुहूर्त आहे. फक्त दूध उतू घालवून येतो, अर्ध्या तासात किल्ली परत." नाही कोण म्हणेल? काकूंनी तर ओट्यावर हळद-कुंकू काढून ठेवलं. आणि त्याच संध्याकाळी मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलं, उद्या रात्री आठपासून राज्यभर निर्बंध.

मग सगळ्यांचं डोकं एकदम फिरलं. घेणाऱ्यांना वाटलं टेम्पो मिळणार नाही. नाशिकच्या मुलाला वाटलं आईबाबा अडकतील. १४ तारखेला दुपारी एकाच जिन्यात एका टेम्पोचं सामान उतरत होतं आणि दुसऱ्याचं चढत होतं. सोसायटीने लिफ्ट वापरू दिली नाही, तिसरा मजला, हमाल मास्क हनुवटीला लावून कपाट उचलतायत. मला कोणी कळवलंसुद्धा नाही. कळलं ते १६ ला.

मूळ कागदांची फाइल कुठे? काकांच्या लोखंडी ट्रंकेत. ट्रंक कुठे? नाशिकला.

बँक म्हणाली, मूळ कागद समोर ठेवा, विक्रेत्याची सही घ्या, मग रक्कम. तोवर २२ एप्रिलपासून जिल्हा ओलांडायचा तर ई-पास लागायला लागला, आणि तो मिळणार आजारपणाला, अंत्यविधीला किंवा अत्यावश्यक कामाला. बँकेत सही करणे हे कारण त्यात बसत नव्हतं. फाइल कुरियरने पाठवायला काका तयार नव्हते, आणि मीही त्यांना पाठवा म्हटलं नसतं. मुळातला करारनामा हरवला तर पोलीस तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, सगळं नव्याने. म्हणून जूनपर्यंत हे लोक फुकट त्या घरात, काकांचे ३८ लाख बँकेत, आणि नाशिकला मुलाने बुक केलेल्या घराच्या हप्त्याला उशीर झाला म्हणून बिल्डरचं व्याज सुरू.

इतकं होऊनही माणसं चांगली होती म्हणून निभावलं असतं. पण मेमध्ये घेणाऱ्यांनी जुना ओटा फोडून ग्रॅनाइटचा केला. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने नाशिकला फोन करून सांगितलं, "तुमच्या घरात फोडाफोडी चाललीय." तुमच्या घरात! तिथून जे बोलणं बिघडलं ते बिघडलंच. मेंटेनन्स कोणी भरायचा, विजेचं बिल कोणाचं, ओटा फोडायची परवानगी कोणी दिली. महिनाभर मी दोन्हीकडचे फोन घेत होतो. ७ जूनला स्तर ठरवून निर्बंध सैल झाले, काका ट्रंकेतली फाइल मांडीवर घेऊन आले, सही झाली, पैसे मिळाले. काकू आल्या नाहीत. त्यांना तो नवा ओटा बघायचा नव्हता.

यात करायला हवं होतं ते एवढंच: राहायला जायची खरोखर निकड असेल तर मधल्या काळासाठी रीतसर लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाडेकरार, करायचा. तो घरबसल्या ऑनलाइन नोंदवता येतो, आधार आणि अंगठा लागतो, निबंधकाकडे जावं लागत नाही. त्यात भाडं किती, बिलं कोणाची, तोडफोड करायची नाही, आणि पैसे ठरल्या तारखेला आले नाहीत तर काय, हे लिहायचं. आणि मूळ कागदांची फाइल घराच्या गावातून हलवायची नाही. मी आता विक्रेत्याला सांगतो, सामान कुठेही जाऊ दे, फाइल इथल्या भावाकडे, बहिणीकडे, कोणाकडे तरी ठेवा आणि त्याच्या नावाची पोच घ्या.

मुहूर्ताचं दूध नंतरच्या पौर्णिमेलाही उतू जातं.

विक्रेत्याच्या तोंडी हिशेबावर कर्ज फेडायला निघणं

"माझं तीस लाख बाकी आहे," असं विक्रेता सांगायचा तो आकडा बऱ्याचदा फेब्रुवारी २०२० चा असायचा. मधे मार्च ते ऑगस्ट हप्ते पुढे ढकलायची मुभा होती, ती त्याने घेतलेली असायची, आणि लोकांना वाटायचं की ते सहा हप्ते माफ झाले. तीस लाखांवर आठ टक्क्यांनी सहा महिन्यांचं व्याजच सव्वा लाखाच्या घरात जातं. सरकारने परत दिलं ते व्याजावरचं व्याज, मूळ व्याज नाही. म्हणून विसार पावतीच्या आधी बँकेचं या महिन्याचं फोरक्लोजर लेटर, म्हणजे कर्ज पूर्ण फेडायला किती लागतील त्याचं पत्र, मागा. तोंडी आकडा, गेल्या वर्षीचं स्टेटमेंट, अ‍ॅपचा स्क्रीनशॉट, काही चालवून घेऊ नका.

आणि विसार पावतीत एक ओळ असू द्या: निर्बंधांमुळे नोंदणी कार्यालय किंवा बँक बंद राहिली तर मुदत तेवढी वाढेल. ही ओळ नसल्याने विसार बुडाल्याची तीन भांडणं मी पाहिलीत.

निबंधकाकडे जाताना

वेळ ऑनलाइन घेता येते, ती घ्या. दस्ताची माहिती आधी घरून भरून न्या. चार नातेवाईक नेऊ नका, निर्बंधांत आत घेत नव्हते. खूप वयस्कर किंवा आजारी माणूस असेल तर गृहभेटीचा अर्ज करता येतो, हे कोणी विचारतच नाही.

अंगठ्याचं एक सांगतो. तेव्हा दारात सॅनिटायझर द्यायचे, सगळे चोळत आत जायचे आणि ओल्या बोटांचा ठसा यंत्र घ्यायचं नाही. शेवटी सगळ्यांचा जुना उपाय: हात रुमालाला कोरडा पुसा आणि अंगठा केसांवरून फिरवा. एकदा एका आजींचा ठसा सात वेळा फसला, आठव्यांदा अंबाड्यावरून अंगठा फिरवला आणि लगेच आला. टक्कल असलेल्यांनी सोबत्याच्या डोक्याची मदत घ्यावी.

बाकीच्या, पटकन

पन्नास लाख किंवा जास्तीच्या घरावर खरेदीदाराने टीडीएस, म्हणजे विक्रेत्याला द्यायच्या रकमेतूनच कर, कापायचा असतो. तो ३१ मार्च २०२१ पर्यंत पाऊण टक्का होता, १ एप्रिलपासून परत एक टक्का. जुन्याच दराने कापत बसू नका.

सोसायटीला सामान हलवायची तारीख लेखी कळवा आणि उत्तर लेखी घ्या. वॉचमनने "या" म्हटलं याला अर्थ नाही.

इंटरनेट आधी, सोफा नंतर. दोघंही घरून काम करत असाल आणि नव्या घरात लाइन यायला दहा दिवस लागले, तर कळेल.

गॅसची शेगडी नेलीत तरी कनेक्शन तिथेच राहतं. ट्रान्स्फरचा कागद निघायच्या आधी घ्या.

टेम्पोवाल्याला संध्याकाळी बोलावू नका. जुलै २०२१ मध्ये दुपारी चारनंतर दुकानं बंद, एक दोरी किंवा खिळा लागला तरी मिळत नव्हता.

ज्यांच्या सह्या मार्च २०२१ मध्ये झाल्या त्यांचं

नोंदणीची शेवटची तारीख म्हणून तेव्हा सगळीकडे "३१ जुलै" फिरत होतं. पण चार महिने तुमच्या सहीच्या तारखेपासून मोजायचे. २२ मार्चला सही केली असेल तर तुमची मुदत २२ जुलैला संपते. उशीर झाला तर आणखी चार महिने मिळतात, पण दंडासह, आणि तो नोंदणी फीच्या दहापटीपर्यंत जाऊ शकतो. फी कमाल तीस हजार, दहाने तुम्हीच गुणा. आणि सही अगदी ३१ मार्चची असली तरी २०२१ च्या ३१ जुलैला शनिवार होता. शुक्रवारी ३० ला सर्व्हर कसा चालेल याचा अंदाज ज्यांनी ३१ डिसेंबर पाहिला होता त्यांना होता. शेवटच्या दिवसावर न ठेवता आधीची वेळ घ्या.