शिक्षकांचं मूल्यमापन करताय? निदान या चुका टाळा

शाळांच्या एका गटावर देखरेख करणारे केंद्रप्रमुख नव्याने रुजू झाले की पहिल्याच महिन्यात विचारतात, "सर, तपासणीचा एखादा तयार फॉरमॅट असेल तर पाठवा ना." पाठवतो. पण एका दिवसात चार शाळा उरकायच्या असतील, तर कुठलाच फॉरमॅट कामाला येत नाही.

दप्तर, म्हणजे शाळेतली कागदपत्रं, बघून शिक्षक जोखणं. सगळ्यात जुनी आणि सगळ्यात लाडकी चूक. मुख्याध्यापकांच्या खुर्चीत बसायचं, टाचण (रोजच्या पाठाची लेखी तयारी), हजेरी, वार्षिक नियोजन मागवायचं, चहा घ्यायचा, शेरा मारायचा.

एका वार्षिक तपासणीच्या पथकात मी होतो. तिसरीच्या दोन तुकड्या. पहिल्या तुकडीच्या बाईंचं टाचण मोत्यासारख्या अक्षरात, सगळ्या वह्या लाल शाईने तपासलेल्या. पथकप्रमुख खूश. मी मधल्याच तीन वह्या उघडल्या. 52 वजा 27, उत्तर 35. तिन्ही वह्यांत तेच, आणि तिन्हींवर बरोबरची खूण. वरचा अंक असो की खालचा, मोठ्यातून लहान काढायचा, हातच्याची भानगडच नको, अशी मुलांनी परस्पर सोय करून घेतली होती. शेजारच्या तुकडीतल्या गुरुजींच्या टाचणवहीत चार पानं कोरी. पण तिथे एक मुलगी दहा काड्यांच्या गठ्ठ्याचं रबर काढत शेजारणीला सांगत होती, "दोनातून सात जात नाहीत ना, म्हणून एक दशक सुटा केला."

संध्याकाळी शेरेवहीत काय गेलं? बाईंना 'उत्कृष्ट', गुरुजींना 'टाचण अपूर्ण, सुधारणा आवश्यक'. मी हरकत घेतली तर पथकप्रमुख म्हणाले, "अहो, टाचण दाखवता येतं. काड्यांचे गठ्ठे फाइलला कसे लावू?" शेवटी मी माझी वेगळी टिपणी जोडली आणि मगच सही केली.

तेव्हा शाळेत गेलं की आधी वर्गात. मागच्या बाकावर, पूर्ण तासिका, मोबाइल पिशवीत. कागदाचे उभे दोन भाग करतो: डावीकडे शिक्षक काय म्हणाले, उजवीकडे मुलांनी काय केलं. 'छान', 'प्रभावी' असली विशेषणं त्यात येऊ देत नाही. वह्या मी निवडतो, शिक्षकांनी पुढे केलेला गठ्ठा बाजूला ठेवतो. दप्तर त्यानंतर. आणि त्याच दिवशी शिक्षकांशी एकट्याशी बोलणं, इतरांसमोर नाही. याला वेळ लागतो. वेळ नसेल तर भेट पुढे ढकला, अर्धवट भेटीचा अहवाल लिहू नका.

निकालाच्या टक्क्यावरून गुण देणं. ऊसतोडीला गेलेली मुलं दिवाळीनंतर वर्गात नसतात, हे टक्केवारी सांगत नाही. मूल वर्षाच्या सुरुवातीला कुठे होतं ते विचारा.

व्हॉट्सअ‍ॅपवरचे उपक्रमांचे फोटो मोजणं. यावर लिहायला नको.

शाळासिद्धीत, म्हणजे शाळेने स्वतःचंच मूल्यमापन करायच्या आराखड्यात, सगळीकडे सर्वांत वरचा स्तर 3. 7 क्षेत्रं, 46 मानकं आणि एकही कमतरता नाही? अशा स्वयंमूल्यमापनावर मी चर्चाच करत नाही, परत पाठवतो.

मुख्याध्यापकांना रंगरंगोटीवरून मोजणं. बोलक्या भिंती आणि लोकवर्गणीचा आकडा पुरेसा नाही. मी विचारतो, "तुम्ही शेवटचे कुणाच्या वर्गात बसलात? नंतर त्यांच्याशी काय बोललात?" गप्प झाले की कळतं. पण इथे एक अन्यायही होतो. शिक्षणहक्क कायद्याच्या निकषांप्रमाणे प्राथमिक शाळेत 150 च्या वर पट असेल तरच स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो. द्विशिक्षकी शाळेतले प्रभारी मुख्याध्यापक दोन-तीन इयत्ता शिकवत शाळाही चालवतात. त्यांना मोठ्या शाळेच्या फुटपट्टीने मोजू नका. निवडणूक आणि जनगणनेच्या कामात त्यांचे किती दिवस गेले, तेही अहवालात लिहा. कायद्याच्या कलम 27 ने ती कामं शिक्षकांना देण्याची मुभा ठेवली आहे, म्हणजे तो त्यांचा आळस नव्हे.

गोपनीय अहवाल, म्हणजे प्रत्येकाच्या वर्षभराच्या कामावरचा शेरा, एका बैठकीत उरकणं. वर्षअखेरीला गठ्ठा समोर घ्यायचा आणि सगळ्यांना 'चांगला' लिहून मोकळं व्हायचं. लिहिणाऱ्याला वाटतं, कुणाचं वाईट केलं नाही. सर्वोच्च न्यायालयातलं 2008 चं देव दत्त या सरकारी अभियंत्याचं प्रकरण वाचा. त्यांची बढती एका वर्षीच्या 'चांगला' या शेऱ्यावर अडली, कारण निकष 'अतिशय चांगला' होता, आणि तो शेरा त्यांना कळवलेलाच नव्हता. न्यायालयाने सांगितलं, बरा असो वा वाईट, प्रत्येक शेरा संबंधिताला वाजवी मुदतीत कळवला पाहिजे. 2013 मध्ये सुखदेव सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी तेच कायम केलं. तरी आजही "गोपनीय आहे, दाखवता येत नाही" म्हणणारे भेटतात.

मी वर्षभराच्या भेटींचे ते दुभागलेले कागद एका पाकिटात ठेवतो आणि अहवाल त्यावरून लिहितो. प्रतिकूल शेरा असेल तर भेटीची तारीख घालतो. शेरा कसाही असो, प्रत हातात देतो आणि पोच घेतो. पोच द्यायला कुणी नकार दिला, तर स्पीड पोस्टाने पाठवायची आणि पावती त्याच पाकिटात ठेवायची.