अंबरमधली मुंगी खरी आहे का आणि कुठली आहे, कसं बघायचं

अंबरचा, म्हणजे झाडाच्या राळेचा कोट्यवधी वर्षांत दगडासारखा झालेला, तुकडा हातात आला की सगळे आधी मुंगी बघतात आणि तिथेच फसतात. मुंगी नंतर, आधी तुकडा तपासायचा. मी पहिला तुकडा घेतला तेव्हा आतली मुंगी इतकी भारी दिसत होती की बाकी काही बघितलंच नाही, नंतर कळलं की तो कोपल आहे, म्हणजे झाडाची राळच पण अजून कच्ची, काही शे किंवा काही हजार वर्षांची. मुंगी खरी होती हो, पण तिचे भाईबंद बहुतेक आजही जंगलात मजेत फिरत असणार, नामशेष वगैरे काही नाही.

तर एका ग्लासात कोमट पाणी घ्या आणि मीठ विरघळायचं थांबेपर्यंत टाकत रहा, तळाशी थोडं उरलं पाहिजे. अंबर साध्या पाण्यात बुडतं पण या पाण्यात तरंगतं, काच आणि बरीचशी प्लास्टिकं बुडतात. कोपलसुद्धा तरंगतो, त्यामुळे एवढ्यावर खूश होऊ नका. मागच्या बाजूला कोपऱ्यात ॲसिटोनचा एकच थेंब टाका, अर्धा मिनिट थांबून बोट लावा, चिकट लागलं तर कोपल किंवा प्लास्टिक, अंबरला सहसा काही होत नाही. घासून कागदाचे कपटे ओढायची टेस्ट लोक सांगतात, आपल्याकडे अंबरला तृणमणी म्हणतात ते त्यावरूनच, गवताची काडी ओढतो म्हणून, पण कंगवा पण कपटे ओढतो की, त्याने काय सिद्ध होणार. आणि गरम सुई लावायची टेस्ट अजिबात करू नका, डाग पडतो आणि तडा मुंगीपर्यंत गेला तर संपलंच सगळं.

आता मुंगी. १०x ची लूप, म्हणजे दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग, पुरते, मायक्रोस्कोप असेल तर उत्तमच. तुकडा गोलसर असला की आतलं वाकडंतिकडं दिसतं, त्यावर ग्लिसरीनचा थेंब टाकून वर कव्हर स्लिप (मायक्रोस्कोपची पातळ काच) ठेवायची, एकदम खिडकी उघडल्यासारखं स्पष्ट होतं, आणि ग्लिसरीन नंतर पाण्याने निघतं (तेल नको, बारीक भेगांमधे शिरतं). उजेड बाजूने द्या. आणि बघताना खाली जाड कापड अंथरा, हसू नका, १९६६ मधे न्यू जर्सीत सापडलेला डायनासोरांच्या काळातला तुकडा ई. ओ. विल्सनसारख्या मुंग्यांच्या मोठ्या तज्ज्ञाच्या हातून जमिनीवर पडून फुटला होता, नशीब की आत दोन मुंग्या होत्या आणि दोन्ही तुकड्यांत एकेक शाबूत राहिली. तीच पुढे १९६७ मधे स्फेकोमिर्मा फ्रेयी म्हणून जाहीर झाली, वय साधारण ९ कोटी वर्षं.

खोट्या तुकड्यात मुंगी बरोबर मधोमध, सहाही पाय पसरून, फोटोला उभी राहिल्यासारखी असते. खरी बिचारी अडकून मेलेली असते. माझ्याकडच्या बाल्टिक (बाल्टिक समुद्राच्या भागातल्या) तुकड्यात ती एका कडेला आहे, पोटावर दुधासारखा पांढरा थर, एक मिशी अर्धी तुटलेली, तोंडापाशी बुडबुडा आणि आजूबाजूला चांदणीसारखे बारीक केस. हे केस ओकच्या झाडाचे, बाल्टिक अंबरमधे खूप दिसतात, पांढरा थर पण त्याच अंबरची खूण.

ती मुंगीच आहे ना हे पण बघा, मुंगीसारख्या दिसणाऱ्या गांधीलमाश्या आणि कोळी पण सापडतात. आठ पाय दिसले की विषय संपला. मिशी कोपरासारखी वाकलेली पाहिजे, पहिला भाग लांब आणि मग मोड, आणि छाती-पोटाच्या मधे कंबरेवर उंचवटा पाहिजे. उंचवटे दोन असतील तर बहुतेक मिर्मिसिनी गट, एकच असेल तर पोटाच्या टोकाला बघा, केसांची गोल झालर असेल तर फॉर्मिसिनी, आडवी चीर असेल तर डोलिकोडेरिनी. स्फेकोमिर्मासारख्या फार जुन्या मुंग्यांमधे मिशीचा पहिला भाग आखूड असतो, त्यामुळे नुसतं मिशीवरून बाद करू नका.

मग नामशेष कुठली? इथे तुकडा कुठला आहे हे कळल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. बाल्टिक म्हणजे साधारण साडेतीन-चार कोटी वर्षं किंवा थोडी जास्त, त्यात सगळ्यात जास्त सापडते टेनोबेथिलस गोपर्टी, हिचं अख्खं घराणं (जीनस) आज कुठेच नाही. पण त्याच अंबरमधली फॉर्मिका फ्लोरी बघितलीत तर वाटेल काल मेलीय, इतकी आजच्या फॉर्मिकासारखी दिसते. डॉमिनिकन म्हणजे दीड-दोन कोटी, त्यात लेप्टोमिर्मेक्स पण सापडते आणि तिचे आजचे बहुतेक नातेवाईक थेट ऑस्ट्रेलिया-न्यू गिनीकडे, म्हणजे प्रजाती गेली पण घराणं चालू आहे. बर्मी, म्हणजे म्यानमारचं, जवळपास १० कोटी, तिथल्या हेल अँट नावाच्या नामशेष मुंग्यांचे जबडे आडवे नाही तर खालून वर मिटायचे, २०२० मधे एक तुकडा जाहीर झाला त्यात मुंगीने झुरळाच्या दूरच्या नात्यातल्या पिल्लाला मानेपाशी तसंच धरलेलं दिसतं. बघायला जबरदस्त, पण विकत घ्यायच्या आधी म्यानमारच्या काचिन राज्यातल्या अंबरच्या खाणी आणि तिथला संघर्ष याबद्दल वाचा, मी तरी घेत नाही.

विकणाऱ्याने लेबलवर प्रजातीचं नाव लिहिलं असेल तर ते गंमत म्हणून वाचा. गटापर्यंत आपण पोचतो, प्रजातीला तज्ज्ञ लागतो, आणि त्याला विचारायचं तर तीन फोटो द्या, बाजूने, वरून आणि चेहऱ्याचा, फोकस थोडा थोडा सरकवत काढून जोडलेले, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून. पट्टी नसेल तर पहिला प्रश्न तोच येतो.