व्हिसाची फाइल लावताय? गोवेकरांनो, या चुका टाळा

सीझन संपला की पावसात कुठेतरी बाहेर फिरून यायचं, हे आपल्याकडच्या शॅक, गेस्ट हाऊस, टॅक्सीवाल्यांचं ठरलेलं गणित. आणि व्हिसाची आठवण होते मेमध्ये. नेमका तेव्हाच अख्खा देश युरोपच्या मागे लागलेला असतो, अपॉइंटमेंट मिळत नाही, मग एजंट बोट ठेवेल तिथे सही. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एका व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून देता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी, आणि निर्णय एरवी १५ दिवसांत येत असला तरी ते ४५ दिवसांपर्यंत लांबवू शकतात. म्हणजे जूनमध्ये जायचं तर मार्चमध्ये फाइल तयार हवी. पणजीत व्हीएफएसचं, म्हणजे दूतावासांसाठी व्हिसाचे अर्ज गोळा करणाऱ्या कंपनीचं, सेंटर आहे म्हणून निवांत राहू नका, सगळ्याच देशांचे अर्ज तिथे घेत नाहीत, आणि अमेरिकेच्या इंटरव्ह्यूला तर मुंबईच गाठावी लागते.

आता मुख्य मुद्दा. पैसे कमी म्हणून फाइल अडकते असं सगळ्यांना वाटतं, पण बऱ्याचदा अडकते ती एक कागद एक सांगतो आणि दुसरा भलतंच सांगतो म्हणून.

बँक स्टेटमेंटचंच घ्या. समजा मोरजीत शॅक आहे. ऑक्टोबर ते मे खात्यात बऱ्यापैकी पैसे फिरतात, जून ते सप्टेंबर शुकशुकाट, आणि अर्धा धंदा रोखीचा, तो खात्यात दिसतच नाही. मग कोणीतरी अक्कल सांगतो की बॅलन्स कमी दिसतोय, मेव्हण्याकडून चारपाच लाख आणून टाक. अर्जाच्या आठ दिवस आधी अचानक चार लाख जमा! ऑफिसरची नजर आधी तिथेच जाणार, हे पैसे कोणाचे, आले कुठून. त्यापेक्षा आहे ते स्टेटमेंट द्या, इन्कम टॅक्सचे रिटर्न्स जोडा, धंद्याचं लायसन्स जोडा, आणि कव्हर लेटरमध्ये, म्हणजे अर्जासोबतच्या पत्रात, सरळ लिहा की आमचा धंदा सीझनवर चालतो, पावसाळ्यात बंद असतो, म्हणूनच याच महिन्यांत फिरायला जातोय आणि सीझनच्या आधी परत येतोय. परत का येणार याचं उत्तरही त्यातच आलं. जमीन असेल तर एक-चौदाचा उतारा जोडा, पण तेवढ्यावर भागत नाही, रोजचं उत्पन्न दिसावं लागतं.

दुसरी मोठी गडबड नावाची. आपल्या पासपोर्टात बऱ्याचदा नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, आडनाव वेगळं. फॉर्म भरताना लोक मधलं नाव गाळतात, तिकिटावर भलतंच काही येतं, इन्शुरन्सवर अजून तिसरंच. त्यात आपल्याकडे जुन्या दाखल्यांवर पोर्तुगीज पद्धतीचं स्पेलिंग, आधारवर आताचं, आणि लग्न झालेल्या बाईचा पासपोर्ट माहेरच्या नावाचा तर बँक खातं सासरच्या. पासपोर्टात जे अक्षर न् अक्षर आहे तेच फॉर्म, तिकीट, इन्शुरन्स सगळीकडे. बाकीच्या कागदांत फरक असेल तर लग्नाचा दाखला किंवा नोटरीकडचं अॅफिडेव्हिट जोडा. व्हिएतनामसारख्या ई-व्हिसाला तर जास्तच जपा, तिथे नावात किंवा पासपोर्ट नंबरात एक अक्षर चुकलं तरी एअरपोर्टवर चेक-इनलाच अडवू शकतात. आणि हो, गूगलवर सगळ्यात वर दिसणारी साइट सरकारी असतेच असं नाही, दुप्पट पैसे घेणारे दलाल तिथेच बसलेत.

मग येतं ते देश निवडणं. पॅरिस ३ रात्री, स्वित्झर्लंड ५, इटली २, तर अर्ज स्वित्झर्लंडकडे, कारण जिथे जास्त दिवस तिथे. दिवस सारखे असतील तर ज्या देशात पहिलं पाऊल तिथे. फ्रान्सची अपॉइंटमेंट लवकर मिळतेय म्हणून तिकडे टाकायचा आणि हॉटेलं दाखवायची झुरिकची, हे चालत नाही. कॅन्सल होणारं हॉटेल बुकिंग दिलं तर हरकत नाही, पण फाइल दिल्या दिल्या संध्याकाळीच कॅन्सल करू नका, ते तपासू शकतात. इन्शुरन्स किमान ३०,००० युरोंचा आणि पूर्ण मुक्काम धरणारा. विमानाचं रिझर्व्हेशन दाखवा, पण परत न मिळणारं तिकीट व्हिसा हातात येईपर्यंत काढू नका.

फोटो शेंगेनला ३५ बाय ४५ मिलिमीटर, अमेरिकेला २ बाय २ इंच आणि चष्म्याशिवाय. स्टुडिओवाल्याला आधीच सांगा, चेहरा गोरा-गुळगुळीत करू नको म्हणून.

लपवाछपवी मात्र अजिबात नको. भाऊ इंग्लंडात स्विंडनला असतो, त्याच्याकडेच उतरणार, तर तसं लिहा आणि त्याचं पत्र जोडा. नातेवाईक आहे म्हटल्यावर संशय येईल म्हणून हॉटेलचं बुकिंग दाखवणारे महाभाग आहेत. आधी कुठला व्हिसा नाकारला असेल तर तेही सांगा. ब्रिटनच्या अर्जात ते विचारतात, आणि खोटं पकडलं गेलं तर १० वर्षं दार बंद होऊ शकतं. शेंगेनवाल्यांच्या सिस्टीममध्ये नकाराची नोंद ५ वर्षं राहते. नकार आलाच तर सोबतच्या फॉर्मवर कुठल्या कारणावर टिक केलीय ते बघा, तेवढं दुरुस्त करा, तीच फाइल पुन्हा ढकलून फी वाया घालवू नका. मोठ्या माणसाची ९० युरो आहे, परत मिळत नाही.

पासपोर्ट परत आला की पाकीट तिथेच उघडा. नाव, पासपोर्ट नंबर, तारखा बघा, चूक असेल तर लगेच काउंटरवर सांगा. शेंगेनच्या स्टिकरवर दोन गोष्टी वेगळ्या असतात, व्हिसा कधीपासून कधीपर्यंत चालतो आणि त्यात प्रत्यक्ष किती दिवस राहता येतं. १० दिवसांच्या मुक्कामाला २५ दिवसांची मुदत छापलेली दिसली म्हणून २५ दिवस राहू नका, वरचे १५ दिवस फक्त तारीख पुढेमागे झाली तर म्हणून दिलेले असतात.