लुंबिनीची एक दिवसाची फेरी: वंदना कधी करायची आणि अडचण आली तर काय करायचे

विदर्भातल्या गावोगावच्या विहारांतून दरवर्षी लोक बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर करायला निघतात. त्यातला लुंबिनीचा, म्हणजे बुद्धांच्या जन्मस्थानाचा, दिवस वेगळा असतो, कारण त्या दिवशी देशाची हद्द ओलांडून नेपाळात जावे लागते. चाळीस माणसे, त्यात निम्म्या आजी-मावश्या, आणि सांभाळणारे गावातलेच पाच-सहा स्वयंसेवक. असा दिवस ठरवल्याप्रमाणे जात नाही. म्हणून वंदना आणि व्यवस्था या दोन्हींची आखणी गावातच, एकाच बैठकीत करा.

कापसाची वेचणी आटोपल्यावर, फेब्रुवारीच्या सुमारास निघणे बरे. डिसेंबर-जानेवारीत गोरखपूरकडे धुके इतके दाट असते की रेल्वे आणि बस दोन्ही तासन्‌तास खोळंबतात. मे महिन्यात लुंबिनीच्या फरशीवर अनवाणी पाय टेकवत नाही. त्या आवारात चपला बाहेर काढाव्या लागतात, म्हणून प्रत्येकाजवळ जाड मोज्यांचा एक जोड असू द्या.

कागद, पैसे, घड्याळ

भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट, मूळ प्रत, प्रत्येकाने स्वतःजवळ ठेवावी. सगळ्यांची कार्डे एकाच स्वयंसेवकाच्या पिशवीत ठेवली की ती पिशवी बसमध्ये राहते आणि माणसे सीमेच्या फाटकावर उभी राहतात. निघण्याआधी दोन्ही देशांतल्या निवडणुकांच्या तारखा बघून घ्या, मतदानाच्या आधी सीमा बंद ठेवतात.

१०० रुपयांच्या आणि त्याहून लहान नोटा न्या. त्या सगळीकडे चालतात, मोठ्या नोटांचे नियम मात्र बदलत असतात. भारताचा १ रुपया म्हणजे नेपाळचे १.६० रुपये. भाडे ठरवताना "आयसी की एनसी?" हे आधी विचारा. आयसी म्हणजे भारतीय पैसे, एनसी म्हणजे नेपाळी. १६०० एनसी म्हणजे १००० आयसी. हे न विचारल्यामुळे होणारे भांडण सगळ्यात जास्त वेळ खाते.

नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटे पुढे असते. काही मोबाइल सीमेपलीकडे आपोआप नेपाळची वेळ दाखवतात, काही दाखवत नाहीत. मग "दोन वाजता गेटवर" म्हटले की अर्धे लोक आधी येतात आणि उरलेल्यांना शोधत परत आत जातात. दिवसभर भारतीय वेळच धरायची, हे सकाळीच सगळ्यांना सांगा.

मोजणी

दहा-दहा जणांच्या टोळ्या करा. प्रत्येक टोळीला एक प्रमुख, आणि टोळीशिवाय मोकळे असे दोन स्वयंसेवक. "एक, दोन, तीन" असे ओरडून मोजू नका. शेजारीण लघवीला गेली असली की तिच्या वाटचा आकडा दुसरीच बाई बोलून टाकते. प्रमुखाने खांद्याला हात लावूनच मोजायचे. गळ्यातल्या कार्डावर नाव, टोळी क्रमांक, प्रमुखाचा फोन, मुक्कामाचे ठिकाण, आणि बीपी-शुगरची गोळी चालू असेल तर तीही लिहा. नेपाळी भाषा देवनागरीतच लिहितात, म्हणून मराठीतले कार्डही तिकडचा पोलीस वाचू शकतो.

दिवसातल्या तीन वंदना

पहिली मुक्कामावरून निघताना. त्रिशरण (बुद्ध, धम्म, संघाला शरण जाणे), पंचशील (पाच शीलांचे व्रत), बस्स. पाच मिनिटे. गोरखपूर ते सोनौली, म्हणजे सीमेवरचे आपल्या बाजूचे गाव, शंभरेक किलोमीटर आहे, तीन तास धरा, म्हणून पहाटे पाचला चाक हलले पाहिजे.

सोनौलीला ट्रकांची रांग लांबवर लागलेली असते. मोठी बस पलीकडे न्यायची तर नेपाळच्या बाजूच्या बेलहियाला भन्सार, म्हणजे तिकडच्या जकातीचा परवाना, काढावा लागतो. त्या पावतीवरची तारीख विक्रम संवतातली असते, त्यामुळे मुदत कधी संपते ते आपल्या ड्रायव्हरला कळत नाही. आमचे स्पष्ट मत आहे: एका दिवसासाठी बस भारताच्या बाजूलाच उभी करा, फाटक पायी ओलांडा, आणि बेलहियातून तिकडचीच गाडी करा. लुंबिनी तिथून पंचवीसेक किलोमीटर आहे. फाटकाच्या अलीकडे एकदा आणि पलीकडे एकदा मोजणी करा.

दुसरी वंदना लुंबिनीत, आणि ती निवांत झाली पाहिजे. मायादेवी मंदिराच्या आत नाही. आत प्राचीन अवशेषांवरच्या फळ्यांवरून चालत पुढे सरकायचे असते, फोटो काढायला बंदी आहे, आणि मागे लोक उभे असतात. जन्मस्थान दाखवणाऱ्या शिळेपाशी हात जोडायचे आणि पुढे व्हायचे. बाहेर आल्यावर अशोकस्तंभ बघा. त्यावर ब्राह्मी लिपीत कोरले आहे की राज्याभिषेकाला वीस वर्षे झाल्यावर राजा स्वतः इथे आला, इथे शाक्यमुनी बुद्ध जन्मले, म्हणून या गावाचा कर कमी केला. टोळीप्रमुखाने हा मजकूर आधीच वाचून ठेवावा आणि स्तंभाजवळ हळू आवाजात सांगावा. आजींना तो ऐकायचा असतो.

मग पुष्करिणी तलावाजवळच्या बोधिवृक्षाखाली बसा. "नमो तस्स" तीनदा, त्रिशरण, पंचशील, पुष्पपूजा, शेवटी मेत्तसुत्त (मैत्रीभावनेचे सुत्त), मिळून वीस मिनिटे. एकाने पुढे म्हणायचे, बाकीच्यांनी मागून. कागद मोठ्या अक्षरात छापून न्या. स्पीकर गावातच राहू द्या, शेजारी थायलंडचा किंवा श्रीलंकेचा संघ बसलेला असतो. मेणबत्ती ठरवलेल्या जागीच लावा, विटांच्या अवशेषांवर कधीही नाही. बोधिवृक्षाचे पान तोडू नका. "अदिन्नादाना वेरमणी", म्हणजे न दिलेले घेणार नाही, हे आत्ताच म्हटले असते.

तिसरी परतीच्या गाडीत, आणि तिच्याबद्दल शेवटी.

अडचण आली की

गाडी बंद पडली, कोणी हरवले, कोणाला चक्कर आली. घाबरलेली माणसे लगेच मोठ्याने वंदना सुरू करतात किंवा चारी दिशांना पांगतात. दोन्ही टाळायचे. क्रम असा ठेवा: आधी सगळ्यांना एका जागी बसवा, मग खांद्याला हात लावून मोजा, मग दोन मोकळ्या स्वयंसेवकांना कामाला पाठवा, आणि त्यानंतर बाकीच्यांनी वंदना घ्यावी. काम करणाऱ्या दोघांनी वंदनेत बसायचे नाही, त्यांच्या वाटचे बाकीचे म्हणतील.

बुद्धाकडे संकटातून सोडवण्याचे मागणे नसते. वंदनेने गाडी सुरू होत नाही. पण अडतीस माणसे एका जागी बसून एका सुरात म्हणत असली की कोणी उठून शोधायला जात नाही, आणि हरवणाऱ्यांची संख्या एकाची दोन होत नाही. श्वासही संथ होतो. हा वंदनेचा खरा उपयोग आहे आणि तो सगळ्यांना आधी समजावून सांगितला पाहिजे, नाहीतर गाडी सुरू झाली नाही म्हणून कोणाची तरी श्रद्धा खट्टू होते.

अशा वेळी मेत्तसुत्त घ्या. दहाच गाथा आहेत, बहुतेकांना पाठ असतात. रतनसुत्त रोगराईच्या काळात म्हणण्याची परंपरा आहे, पण त्यात सतरा गाथा आहेत आणि रस्त्याच्या कडेला मधेच तुटते. मेत्तसुत्तही तुटले तर "सब्बे सत्ता सुखी होन्तु" (सगळे प्राणी सुखी होवोत) एवढेच म्हणत राहा.

कोणी हरवले तर त्या टोळीचा प्रमुख शेवटचे जिथे दिसले तिथेच उभा राहील, आणि मोकळ्यांपैकी एक जण गेटवर जाईल. हे माणूस हरवण्याआधी ठरलेले असावे. बहुतेक जण चपलांच्या ढिगाजवळ सापडतात. सगळ्यांच्या चपला सारख्याच असतात आणि आपली शोधण्यात वेळ जातो. चपलेला रंगीत दोरा बांधा. म्हाताऱ्या माणसांना एकच वाक्य सांगून ठेवा: "आजी, चुकल्या तं जिथं हा तिथंच बसा, कुठी जाऊ नका."

चक्कर आलेल्याभोवती वंदनेचे कडे करू नका, हवा अडते. सावलीत निजवा, पाय उंच करा, शुद्धीवर आल्यावर ओआरएसचे एक पाकीट एक लिटर पाण्यात कालवून थोडे थोडे पाजा. साखरेचा रुग्ण शुद्धीत असेल आणि घामाघूम होऊन थरथरत असेल तर आधी गूळ किंवा साखर द्या. दशमी-ठेच्याची शिदोरी जवळ असूनही दर्शनाच्या घाईत माणसे उपाशी राहतात, हेच त्याचे नेहमीचे कारण असते. नेपाळात रुग्णवाहिकेला १०२ आणि पोलिसांना १००. आपला १०८ तिकडे लागत नाही.

परत येताना

दुपारी दोनला लुंबिनी सोडा. सीमेवर पिशव्या तपासल्या जातात. बाजारातून काय घेतले ते विचारले तर खरे सांगा, "मुसावादा वेरमणी", म्हणजे खोटे बोलणार नाही, हे शील सकाळी घेतलेले आहे. दारू तिकडे सहज मिळते. पाचव्या शीलाची, म्हणजे नशा न करण्याची, आठवण निघण्याआधी तरुण पोरांना एकदा, सगळ्यांसमोर नाही, बाजूला घेऊन द्या.

भारताच्या बाजूला आल्यावर मोजणी करा, ओळखपत्रे आहेत का बघा, आणि बस चालू झाल्यावर तिसरी वंदना घ्या: त्रिशरण आणि "भवतु सब्ब मंगलं". दिवसभर दवाखान्यात किंवा मुक्कामावर राहिलेल्यांची नावे घेऊन त्यांच्यासाठीही म्हणा. त्यांचे दर्शन राहिले असेल तर बोधिवृक्षाखाली वापरलेला वंदनेचा कागद त्यांना द्या आणि मुक्कामावर पोचल्यावर त्यांच्या खाटेजवळ बसून तीच वीस मिनिटांची वंदना पुन्हा घ्या. थकवा असला तरी ही टाळू नका.