पिशवीतला मासा थेट टाकीत नको: श्रावण-भाद्रपदाचा सल्ला

सलग चार दिवस झड लागली की शोभेचे मासे पाळणाऱ्यांचे मला फोन सुरू होतात. तक्रार ठरलेली. मोल्ली खड्यांना अंग घासतेय, अंगावर रवा सांडल्यासारखे ठिपके आलेत, दुकानदाराने निळे औषध दिलेय, किती थेंब टाकू? थेंबांचे मी नंतर सांगतो. आधी विचारतो, गेल्या पंधरवड्यात नवा मासा आणला होता का? जरा थांबून ‘हो’ येते. वेगळा ठेवला होता का? मग पलीकडे शांतता.

घरात दोन फुटी काचपेटी ठेवणारे असोत की परसात सिमेंटच्या टाक्यांत गप्पी, मोल्ली, गोल्डफिश वाढवून विकणारे, चूक हीच होते. घरवाल्याचे चार मासे जातात, विकणाऱ्याचा हंगाम जातो.

हे आत्ताच का सांगतोय? गणपतीआधी घर आवरताना पेटीतही दोन रंगीत मासे वाढवायची हौस येते. आपल्याकडच्या दुकानांतला बराच माल चेन्नईच्या कोळत्तूरकडून, कोलकात्याकडून पिशव्यांत कोंबून येतो. वाटेत दोन-तीनदा पाणी बदलते, दुकानात एकच जाळी सगळ्या टाक्यांत फिरते. मासा आधीच थकलेला असतो. त्यात आपल्याकडे दुपारी पाणी २८ अंश, पहाटे २४. पांढऱ्या ठिपक्यांच्या परजीवीला, म्हणजे ‘इक’ला, असे दिवस मानवतात. तीन दिवस झड, चौथ्या दिवशी ठिपके, हा माझा अनुभवाचा ठोकताळा आहे. पुस्तकात शोधू नका.

या इकचे चक्र नीट समजून घ्या, दुकानातली निम्मी फसवणूक तिथेच कळेल. दिसणारा ठिपका म्हणजे कातडीखाली शिरलेला परजीवी. तिथे त्याला कोणतेही औषध पोचत नाही. पोट भरले की तो मासा सोडून तळाच्या खडीत बसतो आणि तिथे एकाचे शेकडो होतात. ती पिले पोहत नवा मासा शोधतात. औषध किंवा मीठ मारते ते फक्त या पोहणाऱ्या पिलांना. २५-२६ अंशांना हा फेरा साधारण आठवड्याभरात पुरा होतो, थंड पाण्यात काही आठवडे लागतात. म्हणून तीन दिवसांच्या ‘कोर्स’ने ठिपके गेल्यासारखे वाटतात. खरे तर ते स्वतःहून गळून खडीत बसलेले असतात. तुम्ही दुकानदाराला दुवा देता, आठवड्याने सगळी टाकी पांढरी दिसते आणि तुम्ही दुसरी बाटली आणता.

एके वर्षी मीही तेच केले. तीन गोल्डफिश, दिसायला ठणठणीत, ‘दोनच दिवस’ म्हणून मोल्लीच्या टाकीत सोडले. वेगळा टब होता, पण त्यात बायकोने भिजवण घातले होते. दहा दिवसांत मोल्लीची टाकी रिकामी झाली. ते तीन गोल्डफिश मात्र जगले.

तर वेगळा टब. २५-३० लिटरचा प्लॅस्टिकचा, साबण न लागलेला, फक्त माशांसाठी राखलेला. खडी नको, तळ उघडा ठेवा, म्हणजे विष्ठा दिसते आणि उपसता येते.

- पिशवी २० मिनिटे टबात तरंगत ठेवा
- मासा जाळीने घ्या, पिशवीतले पाणी मोरीत ओता
- लिटरला १ ते २ ग्रॅम खडेमीठ विरघळवून
- एअर पंपावरचा स्पंज फिल्टर
- एक दिवसाआड पाव पाणी बदला
- टबाची जाळी, पाइप, पाण्याचा मग वेगळे
- २१ दिवस. पाणी २२ अंशांखाली राहत असेल तर ३०

स्पंज नवाकोरा लावला तर त्यावर माशांची घाण पचवणारे जिवाणू नसतात, टबात अमोनिया साठतो आणि मासा रोगाऐवजी त्यानेच मरतो. जुन्या टाकीच्या फिल्टरमध्ये महिनाभर आधी जादा स्पंज कोंबून ठेवा. तो टबात गेला की परत जुन्या टाकीत घालायचा नाही. काम आधी टाकीचे, मग टबाचे; उलटे केले तर हातानेच रोग नेता.

इक आधीच टाकीत शिरला असेल तर मीठ. दोन फूट बाय एक बाय एकची पेटी म्हणजे ५६ लिटर, पण खडी आणि वरची मोकळी जागा वजा जाता पाणी ४५ लिटरच असते. मात्रा त्या ४५ वर. लिटरला २ ग्रॅम म्हणजे ९० ग्रॅम खडेमीठ, दीड दिवसात तीन हप्त्यांत, मगभर पाण्यात विरघळवून. कोरिडोरास, लोच असे नाजूक मासे असतील तर निम्मे. पाणवनस्पती असतील तर त्या सोसतीलच असे नाही. गरम पाण्याचे मासे असतील तर हीटरने हळूहळू ३० अंशांपर्यंत न्या आणि हवा वाढवा, कारण तापल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो. गोल्डफिशला तापवू नका. शेवटचा ठिपका गेल्यावरही आठवडाभर चालू ठेवा. पाणी बदलाल तेवढ्याच पाण्याचे मीठ परत घाला.

तोंडावर कापसासारखा थर किंवा पाठीवर खोगिरासारखा राखाडी पट्टा दिसला तर तो इक नव्हे, जिवाणू आहे. तिथे उष्णता वाढवली तर एका रात्रीत मासे दगावतात. आजारी मासा लगेच वेगळा काढा. विकणाऱ्यांनी जिवंत आजारी मासा पिशवीत घालून रत्नागिरी, नागपूर किंवा उदगीरच्या मत्स्य महाविद्यालयात दाखवावा. कुजलेला नेऊन उपयोग नाही. गोल्डफिशच्या अंगाला दोरा लटकलेला दिसला तर तो नांगरकृमी, चिमट्याने मुळाशी धरून ओढा. खवले उभे राहून पोट फुगलेले मासे फारसे वाचत नाहीत, त्यांच्यावर खर्च करू नका.

दुकानातली पिवळी-निळी बाटली घेण्याआधी लेबल वाचा. ज्यावर घटकच लिहिलेला नाही, ती ठेवून द्या. मिथिलीन ब्लू फिल्टरचे जिवाणू मारते, टाकीत टाकू नका. टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियमला चिकटते आणि वाया जाते. आपल्या बोअरला तर पातेल्यावर पांढरा थर धरतो. मॅलाकाइट ग्रीन वापरलेच तर हातमोजे घालून, आणि ते पाणी शेततळ्यात किंवा विहिरीकडे सोडू नका. खाण्याच्या माशांत त्याला बंदी आहे ती उगाच नाही. कोणतेही औषध घालण्याआधी फिल्टरमधला कोळसा काढा.

सुकलेले बदामाचे पान, २०-२५ लिटरला एक, मी टबात घालतो. पाणी चहासारखे होते, मासे शांत राहतात. आमच्याकडे गुण येतो, एवढेच सांगू शकतो.

बाकी पावसाळी कामे:

- आठवड्याला पाव पाणी, त्याहून जास्त नको
- गढूळ पाण्याच्या दिवसांत नळाला क्लोरीन जास्त: १०० लिटरला साधारण १ ग्रॅम हायपो (क्लोरीन मारणारे सोडियम थायोसल्फेट), किंवा हवा सोडून दिवसभर साठवण
- स्पंज टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळा
- दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य, दमट झालेले फेकून द्या
- वीज गेली तर बॅटरीवरचा एअर पंप, खाद्य बंद
- परसातल्या टाक्यांवर पत्रा किंवा ताडपत्री. पागोळ्यांचे पाणी आत नको
- हाताला जखम असेल तर पाण्यात हात नको, पाइप तोंडाने ओढू नका

पागोळ्यांचे आणखी एक. जोरात पाऊस झाला की काठोकाठ टाक्या शेजारच्या टाकीत उतू जातात आणि नव्या माशांचा टब त्यांच्यात असेल तर सगळे मुसळ केरात. टब पडवीत, टाक्यांपासून चार हात लांब ठेवा. २१ दिवसांनी रिकामा झाला की धुऊन तीन दिवस पूर्ण कोरडा करा, आणि घरात सांगून ठेवा की यात भिजवण घालायचे नाही.