रडर पेडल्स बदलायची आहेत? नवीन घेण्याआधी हे एवढं बघा

फ्लाइट सिम्युलेटरमध्ये पायाने रडर (शेपटीवरचा, विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणारा भाग) चालवायची ही पेडल्स बदलायचं डोक्यात आलं की आपण लगेच व्हिडिओ बघायला बसतो, कुठलं मॉडेल भारी दिसतं, किती जड आहे, सेन्सर किती बिटचा आहे वगैरे. माझं म्हणणं असं आहे की सुरुवात जुन्या पेडल्सपासून करा, कारण ती नेमकी कुठे नडतायत हे कळलं नाही तर तोच त्रास नव्या खोक्यातून परत घरी येतो. आणि हा त्रास बहुतेक वेळा सेंटरला असतो, म्हणजे पाय नुसते टेकवलेत आणि नखभर दाब दिला तर काय होतं, तिथे. रडर शेवटच्या टोकापर्यंत न्यायला कुठलीही पेडल्स चालतात हो, पण टेकऑफला विमान सेंटरलाइनवर धरायचं असतं तेव्हा सगळा खेळ मधल्या त्या बोटभर जागेतच चालतो.

आधी जुन्याचं निदान करा

विंडोजमध्ये विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून रन उघडा, तिथे इंग्रजी अक्षरांत जॉय डॉट सीपीएल टाइप करा, गेम कंट्रोलर्सची खिडकी उघडेल. त्यात पेडल्स निवडून प्रॉपर्टीजमध्ये जा. तिथे तीन ॲक्सिस, म्हणजे हालचाल दाखवणाऱ्या पट्ट्या, दिसायला हवेत, एक रडरचा आणि, टो ब्रेक (पेडलचं वरचं टोक पंजाने दाबून लागणारे चाकांचे ब्रेक) असतील तर, दोन त्यांचे. आता पाय पूर्ण काढून घ्या आणि दोन मिनिटं नुसतं बघत रहा. काही न करता पट्टी थरथरतेय का? मग डावं पेडल पूर्ण दाबून सोडा, पट्टी कुठे थांबली ते बघा, नंतर उजवं दाबून सोडा, तेव्हाही तिथेच थांबते का? आणि शेवटी हाताच्या अंगठ्याने (पायाने नको, हाताला जास्त बारीक कळतं) पेडल हळूहळू ढकला आणि पट्टी नेमकी कधी हलते ते बघा. चांगली असतील तर ती अंगठ्यासोबतच सरकते, आणि खराब असतील तर आधी काहीच होत नाही, काहीच होत नाही, मग एकदम उडी मारते. ही उडी म्हणजेच रनवेवर विमान नागमोडी का जातं त्याचं उत्तर.

थरथर असेल तर बहुतेक आत पोटेंशिओमीटर आहे, ज्याला सगळे पॉट म्हणतात. त्यात एक छोटा काटा पट्टीवर घासत फिरतो, घासून घासून झिजतो, आणि पेडल्स जमिनीवर असल्यामुळे धूळ तर हमखास आत जाते. केबल काढून पॉटमध्ये थोडा कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पेडल वीस-पंचवीस वेळा पूर्ण हलवा, वाळू द्या, मग परत बघा. कधी कधी एवढ्यानेच काम होतं आणि नवीन घ्यायची गरजच उरत नाही.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. माझं विमान टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर चालवताना, सारखं डावीकडे ओढायचं. मी कितीतरी संध्याकाळी वारा, ट्रिम, वजन सगळं तपासत बसलो, आणि शेवटी या खिडकीत दिसलं की डावा टो ब्रेक पाय नसतानाही जरासा दाबलेलाच येत होता. त्या ॲक्सिसला थोडा डेडझोन (जिथली हालचाल मोजायचीच नाही अशी जागा) दिला, संपलं. म्हणून म्हणतो, आधी निदान.

सेन्सर कुठला

नवीन घेताना शक्य असेल तर हॉल सेन्सरवाली किंवा दुसऱ्या कुठल्या कॉन्टॅक्टलेस सेन्सरची घ्या. एडविन हॉल यांनी 1879 मध्ये शोधलेला परिणाम आहे तो, आत चुंबक फिरतं आणि सेन्सर ते न स्पर्शता वाचतो, म्हणजे घासायला काही नाहीच. बिटच्या आकड्यांमागे मात्र जास्त लागू नका. 10 बिट म्हणजे 1024 पायऱ्या, 12 बिट म्हणजे 4096, आणि सांधे ढिले असतील तर 4096 पायऱ्यांनी तो ढिलेपणाच जास्त बारकाईने मोजला जातो.

यंत्रणा आणि स्प्रिंग, इथे वेळ घालवा

काही पेडल्स रुळावर पुढेमागे सरकतात, काही मधल्या खिळीवर फिरतात, काही वरून लटकलेली असतात, थ्रस्टमास्टरची टीपीआर अशी लटकणारी आहेत. सरकणाऱ्यांमध्ये एक अडचण असते, पाय जरा तिरका पडला की रूळ किंचित अडखळतो आणि मग नखभर हालचाल जमत नाही. बेअरिंगवर फिरणारी किंवा लटकणारी असतील तर हे फार कमी होतं.

स्प्रिंगचं काय, तर कडक स्प्रिंग हातात घेतल्यावर दणकट वाटते खरी, पण सेंटरमधून बाहेर काढायलाच जोर लागत असेल तर प्रत्येक दुरुस्ती गरजेपेक्षा मोठी होते. सेसना 172 सारखं छोटं विमान टेकऑफला निघालं की प्रोपेलरमुळे डावीकडे वळू बघतं, तुम्ही उजवं पेडल देता, आणि मग ते थोडं कमी, थोडं जास्त असं सारखं करत रहावं लागतं. दर वेळी सेंटरवर टक्क असा खाचेत बसल्याचा धक्का लागला तर हे शक्यच नाही. टेलड्रॅगर (तिसरं चाक शेपटीखाली असलेली विमानं) उडवणाऱ्यांना तर हे पहिल्याच धावेत कळतं. म्हणून स्प्रिंग बदलता येते का, ताण कमी जास्त करता येतो का, हे विकत घेण्याआधी नक्की विचारा. एमएफजी क्रॉसविंडसारख्या पेडल्समध्ये कॅम (स्प्रिंगचा जोर कुठे किती लागेल ते ठरवणारा आकार दिलेला तुकडा) बदलून सेंटरचा फील बदलता येतो आणि डॅम्परही (हालचाल संथ करणारा दांडा) लावता येतो, अशी सोय मिळाली तर सोडू नका.

हेलिकॉप्टर उडवत असाल तर उलटा विचार करा. तिथे पेडल जिथे ठेवलं तिथेच रहायला हवं, स्प्रिंगने परत मध्ये यायला नको, म्हणजे स्प्रिंग काढता येणारी आणि डॅम्पर असलेली पेडल्स बघा. दोन्ही उडवत असाल तर हलकी स्प्रिंग अधिक डॅम्पर ही तडजोड चांगली बसते.

टो ब्रेक हवेत का

तुम्ही काय उडवता त्यावर आहे. सेसना 172 मध्ये नुसत्या पेडलने नाकाचं चाक साधारण 10 अंश वळतं, एका बाजूचा ब्रेक दाबला तर 30 अंशांपर्यंत, म्हणजे पार्किंगमधून वळून निघायचं तर टो ब्रेक लागणारच. एअरबस, बोइंग, एफ-16 सगळ्यांत टो ब्रेक आहेत. पण स्पिटफायर किंवा मिग-21 या लढाऊ विमानांमध्ये ब्रेकचा लिव्हर स्टिकवर असतो आणि कुठल्या चाकाला किती ब्रेक ते पेडल ठरवतं, त्यामुळे फक्त असली विमानं उडवणाऱ्याला व्हीकेबीच्या टी-रडरसारखी बिनब्रेकची, छोटी आणि साधी पेडल्स पुरतात. नक्की ठरत नसेल तर टो ब्रेकवाली घ्या.

माप घ्या, खरंच घ्या

रोजच्या खुर्चीत बसा, डोळे मिटा, पाय जसे आपोआप पुढे जातील तसे जाऊ द्या, आणि टाचा जिथे टेकल्या तिथे जमिनीवर टेप चिकटवा. दोन टेपमधलं अंतर आणि पेडल्समधलं अंतर यात फार फरक असेल तर तासाभरात मांड्या आणि गुडघे बोलायला लागतात. अरुंद पेडल्स आणि दोन पायांच्या मध्ये स्टिक, हे एकत्र फारसं जमत नाही. टो ब्रेक दाबताना गुडघा वर येतो, तो टेबलाला लागत नाही ना हेही आत्ताच बघून घ्या.

आणि जमीन! कितीही चांगली पेडल्स असोत, ब्रेक दाबल्यावर ती पुढे पळाली किंवा चाकांची खुर्ची मागे गेली की सगळं पाण्यात. जड पेडल्ससुद्धा गुळगुळीत फरशीवर सरकतातच. बोल्ट लावायला भोकं आहेत का बघा, एक लांब फळी घ्या, तिच्या एका टोकाला पेडल्स बोल्टने बसवा आणि दुसरं टोक खुर्चीखाली जाऊ द्या, म्हणजे खुर्चीचं वजनच पेडल्स धरून ठेवतं. खुर्चीची चाकं लॉक करा किंवा काढून टाका.

जोडणी यूएसबी असेल तर काही विशेष नाही, शक्यतो हब टाळा आणि दर वेळी एकाच पोर्टला लावा. कन्सोलवर उडवत असाल तर मात्र त्या कन्सोलसाठी चालतं असं स्पष्ट लिहिलेलं असल्याशिवाय घेऊ नका.

आल्यावर लगेच

सिम्युलेटर उघडायच्या आधी वरचीच खिडकी उघडून तिन्ही ॲक्सिस तपासा, बदलून घ्यायची मुदत असते तेव्हाच हे करायचं. मग कॅलिब्रेट करा. त्यानंतर जॉयस्टिकच्या ट्विस्टला (दांडा पिळण्याच्या हालचालीला) दिलेला रडर काढून टाका, नाहीतर दोन उपकरणं एकाच रडरसाठी भांडतात आणि दोष नव्या पेडल्सना जातो. डीसीएस वर्ल्ड हे सिम्युलेटर नवीन उपकरणाच्या ॲक्सिसना स्वतःहून काहीतरी देऊन टाकतं, पिचसुद्धा (नाक वर-खाली करणं) पेडलवर येऊ शकतो, ते साफ करा. ऑटो रडरची मदत, म्हणजे सिम्युलेटरने स्वतःच रडर सांभाळणं, चालू असेल तर बंद करा. पाय न लावता ब्रेक लागलेले दिसले आणि दाबल्यावर सुटले तर घाबरू नका, तो ॲक्सिस उलटा करायचा असतो एवढंच.

डेडझोन आधी शून्य ठेवा, पट्टी हलत असेल तरच थोडा थोडा वाढवा. कर्व्हलाही (पेडल किती हललं की रडर किती हलेल ते ठरवणाऱ्या रेषेला) पहिले काही दिवस हात लावू नका, पायाला आधी सरळ रेषा कळू द्या. मग 172 घेऊन रिकाम्या रनवेवर चालण्याच्या वेगाने नाकाचं चाक पांढऱ्या रेषेवर ठेवत या टोकापासून त्या टोकापर्यंत जा, जमलं की बाजूचा वारा लावून परत तेच करा. आठवड्याभराने सगळे बोल्ट एकदा पुन्हा आवळा, नव्या पेडल्सचे ते थोडे ढिले होतातच.