साइटवर रिव्ह्यू सुरू करण्याआधी

भांडी बाजारातल्या एका दुकानाची साइट मी सांभाळतो. माल तांब्या-पितळेचा, ऑर्डरी बहुतेक पुण्या-मुंबईच्या. रिव्ह्यू सुरू करायचं ठरलं तेव्हा मालकांनी पहिलंच विचारलं, "कुणी वाईट लिहिलं तर?" तयारी तिथूनच धरा. दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या जुन्या तक्रारी वाचून काढा आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या तक्रारींची उत्तरं लिहून ठेवा. आमच्याकडे एक ठरलेली होती: 'तांब्या आठ दिवसांत काळा पडला, तांबं खोटं आहे.' तांबं हवेनं, पाण्यानं, हाताच्या घामानं काळवंडतंच. चिंचेनं किंवा लिंबू-मिठानं घासलं की पुन्हा लख्ख. पण हे रिव्ह्यूखाली सांगायचं म्हणजे उशीर झाला. वस्तूच्या माहितीतच काळवंडलेला तांब्या आणि घासलेला तांब्या, दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावा.

मग सेटिंग. वूकॉमर्स म्हणजे वर्डप्रेसच्या साइटवर दुकान चालवायचं प्लगइन. त्यात रिव्ह्यूंचे पर्याय प्रॉडक्ट्सच्या सेटिंगमध्ये जनरलखाली सापडतात. रिव्ह्यू फक्त विकत घेणाऱ्यालाच लिहिता यावा, ही खूण मी नेहमी करतो. मात्र ती केली की लॉगिन नसलेल्याला फॉर्मच दिसत नाही. तुमचे निम्मे ग्राहक खातं न उघडताच ऑर्डर देत असतील, तर आधी चेकआउटला खातं उघडण्याची सोय करा. नाहीतर महिनाभर पान कोरंच राहील. तारे आवश्यक ठेवा. मंजुरीशिवाय काही दिसू नये अशी व्यवस्था ठेवा, पण मंजुरी स्पॅम, शिवीगाळ आणि फोन नंबर गाळण्यासाठी आहे, दोन तारे गाळण्यासाठी नाही. ग्राहकाच्या शब्दांना, अगदी शुद्धलेखनालाही, हात लावू नका.

घरच्यांकडून पाच-पाच तारे टाकून घ्यायचा मोह पहिल्याच आठवड्यात होतो. मी तिथे ठाम नकार देतो. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे विक्रेत्यानं ग्राहक असल्याचं भासवून रिव्ह्यू टाकायला मनाई आहे. भारतीय मानक ब्यूरोनं 2022 मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस 19000 हे मानकही आणलं. ते एकदा वाचाच. 'पाच तारे द्या, पन्नास रुपये सूट घ्या' हेही नको. पान रिकामं असलं तरी चालेल.

रिव्ह्यू मागायचा कधी, तेही आधी ठरवा. पार्सल पोचल्याच्या दिवशी मागितला तर लोक खोक्याबद्दल लिहितात. आठ-दहा दिवस भांडं वापरात येऊ द्या, मग त्याच वस्तूची थेट लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, दोन ओळी मराठीत लिहून. ग्राहकाचं आडनाव, पत्ता, नंबर पानावर दिसत नाही ना, हे स्वतः मोबाइलवर उघडून बघा.

आणि उत्तर देणारा माणूस नेमा. गल्ल्यावर बसणारा मुलगा असला तरी चालेल, पण नाव ठरलेलं हवं, आणि भांडं बदलून द्यायचा अधिकार त्याला हवा. आमची एक पितळी कढई कुरिअरमध्ये पोचा पडून पोचली होती. ताईंनी एक तारा दिला, फोटोसकट. आम्ही आधी फोन केला, दुसरी कढई पाठवली आणि मग रिव्ह्यूखाली लिहिलं: 'चूक पॅकिंगची होती, आता कढईच्या कडेला जाड पुठ्ठा लावतो.' तो एक तारा काढा, असं त्यांना म्हटलं नाही. तो आजही पानावर आहे, खाली आमचं उत्तर आहे.